रोटेनबुर्गचे दुसरे लग्न

4 मार्च 1540 रोजी जर्मनीतील फुल्डा नदीकाठच्या रोटेनबुर्ग गावी मोजक्या माणसांच्या साक्षीने एक लग्न लागले. नवरा पस्तीस वर्षांचा होता. हेसे प्रांताचा अधिपती फिलिप, धर्मसुधारणेच्या चळवळीचा सर्वांत धडाडीचा राजकीय नेता. नवरी मार्गारेटे फॉन डेर झाले ही सॅक्सनीतील एका साध्या सरदार घराण्यातली सतरा-अठरा वर्षांची मुलगी. लग्नाला धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याचा उजवा हात समजला जाणारा पंडित फिलिप मेलांख्थोन हजर होता. स्ट्रासबुर्गचा धर्मसुधारक मार्टिन बुत्सर हजर होता. सॅक्सनीच्या इलेक्टरचा, म्हणजे सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या संस्थानिकाचा, प्रतिनिधीही होता. दरबारी धर्मोपदेशक डायोनिसियस मेलांडर याने विधी केला आणि त्या वेळच्या प्रवचनात बायबलमधील कुलपुरुषांचे दाखले दिले गेले.

दाखल्यांची गरज होती, कारण नवऱ्याची पहिली बायको जिवंत होती. तिला त्याने सोडलेली नव्हती. सॅक्सनीची राजकन्या क्रिस्टीने हिच्याशी त्याचे लग्न 1523 साली झाले होते आणि तोवर तिच्यापासून त्याला सात अपत्ये झाली होती.

एका राजाने दुसरी बायको केली, एवढीच ही गोष्ट असती तर ती सांगण्यात काही हशील नव्हते. युरोपातल्या राजांच्या अंगवस्त्रांची कोणी मोजदाद ठेवत नसे. फिलिपला अंगवस्त्र नको होते. त्याला बायबलच्या आधाराने विधिवत बायको हवी होती, आणि आपल्या काळातल्या सर्वांत मोठ्या बायबल-पंडितांकडून त्याने तशी लेखी संमती मिळवली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका पशुपालक, शेतकरी समाजाचा कायदा सोळाव्या शतकातल्या एका राजाच्या शयनगृहात आणून ठेवला गेला. त्या कायद्यात काय होते, त्यातले काय उचलले गेले आणि काय मागे सोडले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

मोशेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्यात व्यभिचाराला एकच शिक्षा आहे, मृत्यू. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात ती स्पष्ट सांगितली आहे; पुरुष आणि स्त्री दोघांनाही मारावे. वरवर पाहता यात समानता दिसते. पण व्यभिचार कशाला म्हणायचे हे पाहिले की ती नाहीशी होते. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर तो व्यभिचार. पुरुष स्वतः विवाहित आहे की नाही, हे कायदा विचारतच नाही. विवाहित पुरुषाने अविवाहित मुलीला फितवले तर निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायाप्रमाणे त्याने कन्याशुल्क भरावे आणि तिच्याशी लग्न करावे. मुलीचा बाप नाही म्हणाला तरी शुल्क द्यावेच. अनुवादात तर रक्कमही ठरवून दिली आहे, 50 शेकेल चांदी, आणि ती बापाच्या हाती द्यायची आहे. वाग्दान झालेली दासी दुसऱ्या पुरुषाच्या हाती लागली, तर ती स्वतंत्र नाही म्हणून दोघांनाही देहदंड नाही, असे लेवीय सांगतो. म्हणजे गुन्ह्याचे वजन स्त्रीवर कोणाचा हक्क आहे यावर ठरत होते. नवऱ्याच्या वर्तनाबद्दल बायकोने दाद मागण्याची सोय त्यात कुठे नव्हती.

गणनाच्या पाचव्या अध्यायातला विधी याहून कठोर आहे. नवऱ्याला बायकोचा नुसता संशय आला, साक्षीदार नाही, पुरावा नाही, तरी त्याने तिला याजकाकडे न्यावे. याजक पवित्र पाण्यात निवासमंडपाच्या जमिनीवरची धूळ घालणार, शापाचे शब्द लिहून ते त्या पाण्यात धुणार आणि ते पाणी तिला प्यायला लावणार. ती दोषी असेल तर तिचे पोट फुगेल. असा विधी नवऱ्यासाठी नाही. बायकोच्या मत्सराची दखल या ग्रंथाने घेतली नाही.

हा सगळा कायदा पुरुषांनी पुरुषांसाठी केला होता, हे मान्य करूनच पुढची गोष्ट सांगायला हवी. या कायद्याने अनेक बायका करण्याला मनाई केली नाही, पण पुरुषाला मोकळेही सोडले नाही. निर्गमाचा एकविसावा अध्याय दासी म्हणून विकत घेतलेल्या बायकोबद्दल बोलतो. नवऱ्याने दुसरी केली तरी पहिलीचे अन्न, वस्त्र आणि शय्येचा हक्क यांत काटछाट करता कामा नये. केली, तर ती पैसे न देता मोकळी. समाजाच्या तळाशी असलेल्या बाईला दिलेला हा हक्क होता. अनुवादाचा एकविसावा अध्याय आपल्या कहाण्यांमधल्या आवडत्या आणि नावडत्या राणीच्या घरातच शिरतो. एकाला दोन बायका आहेत, एक आवडती, एक नावडती, आणि पहिला मुलगा नावडतीचा आहे. बापाने आवडतीच्या मुलाला थोरलेपण देऊ नये. नावडतीच्या मुलाला वारशाचा दुप्पट वाटा मिळालाच पाहिजे. लेवीयचा अठरावा अध्याय सांगतो, की बायको जिवंत असताना तिच्याच बहिणीला तिची सवत करून आणू नये. आणि राजासाठी अनुवादाच्या सतराव्या अध्यायात वेगळीच ताकीद आहे. त्याने पुष्कळ बायका करू नयेत.

कायद्याच्या या कलमांमागे कोणाची तरी रडणारी घरे उभी आहेत. बायबलच्या कथा ती घरे लपवत नाहीत. पहिल्यांदा दोन बायका करणारा लामेख हा सूडाच्या बढाया मारणारा माणूस आहे. साराने स्वतःच हागारला नवऱ्याच्या हाती दिले आणि मग तिला पोरासकट रानात हाकलायला लावले. लेआ आणि राहेल या सख्ख्या बहिणी एका नवऱ्यासाठी जन्मभर झुरल्या. हन्नाला मूल नाही म्हणून तिची सवत पनिन्ना तिला दरवर्षी टोचून टोचून रडवत असे. शलमोनाला 700 राण्या आणि 300 उपपत्नी होत्या, आणि त्याच्या अधःपाताचे खापर ग्रंथाने त्यांच्यावरच फोडले. अनेक बायका करणे गुन्हा नाही असे सांगणाऱ्या या ग्रंथाने एकही सुखी बहुपत्नीक घर रंगवलेले नाही. मला हे फार मोलाचे वाटते, कारण कायद्यात जे नाही ते कथांमधून सांगितले आहे.

दावीदाची गोष्ट या सगळ्याच्या मध्यभागी येते. त्याला कितीतरी बायका होत्या आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. मग त्याने उरीया नावाच्या आपल्या सैनिकाची बायको बथशेबा हिला बोलावून घेतले, आणि पुढे उरीयाला लढाईत मरायला पाठवले. नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. श्रीमंताने आपले कळप सोडून तीच मेंढी कापली. राजा संतापला, आणि तो माणूस तूच आहेस असे नाथानाने त्याला तोंडावर सांगितले. इथेही अपराध उरीयाविरुद्धच झालेला मानला आहे; बथशेबाचे काय, हे कोणी विचारत नाही. पण नाथान राजासमोर उघड बोलला, ही गोष्ट विसरू नये. रोटेनबुर्गच्या लग्नात नेमका नाथानच नव्हता.

आता फिलिपकडे वळू. तेरा वर्षांचा असताना त्याच्या हाती राज्यकारभार आला. 1527 मध्ये त्याने मारबुर्गचे विद्यापीठ स्थापले, 1529 मध्ये ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक त्स्विंग्ली यांना मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवले, 1531 मध्ये प्रोटेस्टंट संस्थानिकांचा श्माल्काल्डेन संघ उभा केला. सम्राट पाचव्या चार्ल्सला या संघाची भीती वाटत होती, आणि संघात फिलिपची. असा हा माणूस क्रिस्टीनेशी लग्न झाल्यापासून तिच्याशी एकनिष्ठ राहिला नव्हता. ते तो स्वतःच कबूल करत असे, आणि त्यामुळे प्रभुभोजनाला जायची त्याला भीती वाटे. 1539 मध्ये त्याला उपदंशाने गाठले. आजारपणात मनाची टोचणी वाढली. त्याच सुमारास बहिणीच्या दरबारात त्याने मार्गारेटेला पाहिले.

त्याची बहीण एलिझाबेथ ही क्रिस्टीनेच्या भावाची विधवा. दोन्ही घराण्यांत साटेलोटे झाले होते. एलिझाबेथ ही क्रिस्टीनेची नणंदही होती आणि भावजयही. मार्गारेटेची आई अॅना त्या दरबारात चाकरीला होती आणि आपली मुलगी कोणाचे अंगवस्त्र होऊ देणार नाही, लग्न होणार असेल तरच, अशी तिची अट होती. ज्यांच्या ताकदीची फिलिपला धास्ती असावी ते सासरे, सॅक्सनीचे ड्यूक जॉर्ज, 1539च्या एप्रिलमध्ये वारले होते.

फिलिपने आधीही ल्यूथरला हा प्रश्न घातला होता. 1526 मध्ये ल्यूथरने त्याला नको म्हणून कळवले होते. कुष्ठासारखी अगदीच निकड असेल तर गोष्ट वेगळी, अशी एक फट मात्र ठेवली होती. त्याआधी 1524 मध्ये तो लिहून गेला होता, की कोणी अनेक बायका केल्या तर शास्त्राच्या विरोधात आहे असे सांगून मी त्याला अडवू शकत नाही. 1531 मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा प्रश्न आला. भावाच्या विधवेशी केलेले लग्न लेवीयप्रमाणे अशुद्ध, म्हणून मोडावे, असे हेन्री म्हणत होता. उलट अनुवादाचा पंचविसावा अध्याय निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी लग्न करायलाच सांगतो. ल्यूथरचे मत पडले, की राणी कॅथरीनला सोडून देण्यापेक्षा राजाने दुसरी बायको केलेली बरी. बायको टाकण्याचे पाप त्याला दोन बायका करण्यापेक्षा मोठे वाटत होते. यात त्याची एक प्रामाणिक काळजी आहे असे मी मानतो. पण फिलिपने हे सगळे ध्यानात ठेवले होते.

मधल्या काळात म्युन्स्टर घडले होते. 1534 साली म्युन्स्टर शहर प्रौढपणीचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या अॅनाबॅप्टिस्ट पंथीयांच्या हाती गेले आणि लायडनच्या यानने तिथे मोशेच्या आणि कुलपुरुषांच्या नावाने अनेक बायका करणे केवळ मोकळे केले नाही, तर लादले. शहरात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त होत्या. ज्या नाही म्हणाल्या त्यांना कैद झाली. यानने स्वतः सोळा बायका केल्या आणि त्यांतल्या एकीचा, एलिझाबेथ वांटशेररचा, भर चौकात शिरच्छेद केला. जून 1535 मध्ये शहर पडले. त्याला वेढा घालणाऱ्या बिशपला फिलिपची मदत होती. यान कैदेत असताना फिलिपने त्याच्याशी वाद घालायला आपले धर्मपंडित पाठवले. त्यांत अंटोनियस कोर्व्हिनस होता. कुलपुरुषांना जे चालले ते आम्हाला का नाही, हा प्रश्न त्या कोठडीत विचारला गेला. 22 जानेवारी 1536 रोजी यान आणि त्याच्या दोन साथीदारांना तापलेल्या सांडसांनी छळून ठार मारले आणि त्यांची प्रेते लोखंडी पिंजऱ्यांत घालून संत लांबेर्टच्या चर्चच्या मनोऱ्याला टांगली. ते पिंजरे आजही तिथे आहेत.

पुढे चार वर्षांत कोर्व्हिनसने वेगळ्याच कागदावर सही केली.

1539च्या शेवटी फिलिपने बुत्सरला ल्यूथरकडे विटेनबेर्गला धाडले. सोबत एक लांबलचक खर्डा दिला होता. अब्राहाम, याकोब, दावीद यांची नावे त्यात होती. ख्रिस्ताने किंवा प्रेषितांनी दोन बायका करणाऱ्याला शिक्षा केल्याचे कुठे नाही, हा युक्तिवाद होता. पौलाने बिशपला एकच बायको असावी असे सांगितले, मग इतरांना ती मर्यादा नाही, हाही होता. हेन्रीला दिलेल्या सल्ल्याची आठवण होती. आणि शेवटी एक गुळगुळीत धमकी होती, की तुम्ही मदत केली नाहीत तर मला सम्राटाकडे जावे लागेल. त्याच खर्ड्यात त्याने आपल्या बायकोविषयीही लिहिले. ती कुरूप आहे, तिला दुर्गंधी येते, ती कधीकधी जास्त पिते. सात मुलांच्या आईबद्दल हे शब्द परक्या पुरुषांना वाचायला पाठवले गेले. वाचणाऱ्यांपैकी एकानेही त्या बाईचे म्हणणे विचारले नाही.

10 डिसेंबर 1539 रोजी विटेनबेर्गहून उत्तर निघाले. मसुदा मुख्यतः मेलांख्थोनचा होता. सही ल्यूथर आणि मेलांख्थोन यांची, बुत्सरची, मग हेसेच्या पंडितांच्या सह्या, आणि त्यांत कोर्व्हिनसची. त्या कागदाने आधी बजावले, की हा सर्वांसाठी नियम करता येणार नाही. देवाने सुरुवातीला एक पुरुष आणि एक स्त्री निर्माण केली आणि ख्रिस्ताने तेच पुन्हा स्थापले. पण मोशेच्या कायद्यात मोकळीक होती, आणि सदसद्विवेकाची टोचणी असह्य झालेल्या एका माणसाला ती मोकळीक खाजगीत देता येईल. मात्र गुप्त ठेवा. अगदी विश्वासातल्या चार माणसांनाच ठाऊक असू द्या. बाहेरच्यांनी तिला अंगवस्त्र समजले तर समजू दे. राजेलोकांत ते नवीन नाही.

इथे त्या थोर माणसांचे पाऊल घसरले, असे माझे स्पष्ट मत आहे. बायबल त्यांनी चुकीचे वाचले असे म्हणता येत नाही. अनेक बायका करण्यास मोशेने मनाई केली नाही, हे त्यांचे वाचन बरोबरच होते. पण मोशेचा कायदा हा वेशीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत चालणारा कायदा होता. दुसरी बायको ही बायको म्हणूनच घरात येत असे आणि तिचे मूल उघडपणे वारस होत असे. विटेनबेर्गच्या कागदाने त्यातली पुरुषाची मोकळीक घेतली, उघडपणा टाकला, आणि राजाने पुष्कळ बायका करू नयेत हे वचन तर नजरेआड केले. मार्गारेटेच्या आईने जे होऊ द्यायचे नाही म्हणून हट्ट धरला होता, तेच जगाच्या दृष्टीने तिला व्हायचे होते. आणि ज्या दाखल्यांसाठी यान पिंजऱ्यात टांगला गेला, तेच दाखले राजासाठी सौम्य भाषेत मान्य झाले. यान क्रूर होता, त्याची बाजू मी घेणार नाही. पण शिंप्याचा धंदा केलेल्या माणसाला एक कायदा आणि संस्थानिकाला दुसरा, ही गोष्ट मोशेच्या ग्रंथात बसत नाही.

फिलिपने आपला स्वतःचाही कायदा मोडला. 1532च्या सम्राटाच्या दंडसंहितेत एक बायको असताना दुसरी करणाऱ्याला व्यभिचाऱ्याहून कमी नाही अशी जबर शिक्षा होती. 1535 मध्ये फिलिपने त्या संहितेच्या आधारे आपल्या प्रांतासाठी फौजदारी कायदा केला होता. त्या कायद्याला त्याच्याच नावावरून ओळखले जाते.

क्रिस्टीनेने डिसेंबर 1539 मध्ये लेखी संमती दिली. तिने अट घातली, की राज्याचे वारस माझीच मुले राहतील. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायातली नावडती राणी इथे दिसते. तिच्यासाठी त्या वेळी कोणी मोशेचा दाखला दिला असेल असे वाटत नाही, पण तिने स्वतःच्या बुद्धीने तेच मागितले जे मोशेने नावडतीला दिले होते. या सबंध प्रकरणात शहाणपणाची एवढी एकच सही मला दिसते. फिलिपनेही तिला पत्नी म्हणून वागवण्याचे वचन दिले आणि ते पाळले; 1541, 1543 आणि 1547 मध्ये तिला आणखी तीन मुले झाली.

मोशेचा कायदा ज्यांचा होता, त्या लोकांनी तोवर त्याचे काय केले होते? मृत समुद्राजवळच्या एका ज्यू पंथाने ख्रिस्ताच्याही आधी, देवाने एक नर आणि एक मादी निर्माण केली या आधारावर दुसऱ्या बायकोला विरोध केला होता. शापाच्या पाण्याचा विधी पहिल्या शतकात रब्बी योहानान बेन झक्कई यांनी बंद केला, असे मिश्ना हा ज्यू कायद्याचा संग्रह सांगतो. व्यभिचारी पुरुष वाढले, हे कारण दिले आहे. देहदंडाला रब्बींनी दोन साक्षीदार आणि आधी दिलेली ताकीद अशा अटी जोडल्या, की तो प्रत्यक्षात येणे दुरापास्त झाले. आणि इ.स. 1000च्या सुमारास राइनकाठच्या माइंत्स शहरातल्या रब्बी गेर्शोम यांच्या नावाने दोन निर्बंध आले. एका वेळी एकाहून अधिक बायका करू नयेत, आणि बायकोच्या संमतीशिवाय तिला सोडू नये. पूर्वेकडच्या ज्यूंनी पहिला निर्बंध स्वीकारला नाही, पण जर्मनीतल्या ज्यूंनी तो पाळला. माइंत्स हे हेसेच्या शेजारचेच शहर आहे.

म्हणजे फिलिपच्या राज्यातल्या ज्यू वस्तीत कोणालाही विचारले असते तरी उत्तर मिळाले असते, की आम्ही हे पाचशे वर्षांपूर्वी सोडले. पण विचारणार कोण? ज्यूंना हेसेमध्ये राहू द्यावे की नाही यावर 1538 मध्ये बुत्सरनेच कठोर सल्ला दिला होता, आणि 1539 मध्ये फिलिपने ज्यूंसाठी काढलेल्या हुकमात त्यांना ख्रिस्ती प्रवचने ऐकण्याची सक्ती केली, सामान्य लोकांशी धर्माविषयी बोलण्यास बंदी घातली. ज्यांचा ग्रंथ, त्यांचे तोंड बंद करून त्याच वर्षी त्या ग्रंथातून राजासाठी सवलत काढण्यात आली.

गुपित फार दिवस टिकले नाही. भावाच्या या कृत्याने एलिझाबेथ भडकली. तिची नणंदही यात भरडली जात होती आणि तिच्याच दरबारातली मुलगी तिच्या पाठीमागे नेली गेली होती. बातमी ड्रेस्डेनच्या दरबारात पोहोचली आणि तिथून सगळीकडे. 1540च्या मे महिन्यात फिलिपने ल्यूथरला राइनच्या द्राक्षमद्याचे पीप भेट पाठवले होते. ल्यूथरने आभारही मानले. जूनमध्ये मेलांख्थोन वायमारला पोहोचला तो मरणोन्मुख होऊन. लग्नाला त्याला खरे कारण न सांगता बोलावून घेतले होते, आणि आता आपल्या हातच्या मसुद्याची लाज त्याला खात होती. अन्नपाणी सुटले. ल्यूथर धावत आला, त्याच्या उशाशी बसून त्याने प्रार्थना केली, त्याला बळेच खायला लावले. मेलांख्थोन वाचला. त्याच्या या आजाराबद्दल मला आदर वाटतो. त्या आठ सह्यांपैकी एक तरी माणूस आपल्या सहीने आजारी पडला.

जुलैमध्ये आयझेनाख इथे सल्लागारांची बैठक झाली. ल्यूथरने सुचवले, की सरळ नाकारावे. चर्चच्या भल्यासाठी एक दणदणीत खोटे बोलले तर बिघडले कुठे, देव अशा खोट्याचा भार वाहील. पापनिवेदनात दिलेला सल्ला जगासमोर मांडायचा नसतो, अशी त्याची भूमिका होती. फिलिपने नकार दिला. खोटे बोलणे वाईट दिसते आणि कोणत्याही प्रेषिताने ते शिकवले नाही, असे त्याने कळवले. या सगळ्या प्रकरणात दोषी असलेल्या माणसाने नीतीची ही एक गोष्ट त्याच्या गुरूपेक्षा नीट ओळखली, हे नोंदवले पाहिजे.

पण सत्य बोलायचे तर सम्राटाच्या कायद्याखाली मान अडकत होती. सॅक्सनीच्या इलेक्टरने या प्रकरणात पाठीशी उभे राहायला नकार दिला. मग फिलिप सम्राटाकडे वळला. 13 जून 1541 रोजी रेगेन्सबुर्ग इथे गुप्त करार झाला. सम्राटाने मागचे सारे माफ केले; बदल्यात फिलिपने फ्रान्सशी किंवा इतर परकीय सत्तेशी हातमिळवणी न करण्याचे आणि क्लेव्हच्या ड्यूकला श्माल्काल्डेन संघात येऊ न देण्याचे वचन दिले. 1543 मध्ये सम्राटाने एकट्या पडलेल्या क्लेव्हला चिरडले, आणि संघ बघत राहिला. 1546 मध्ये सम्राट संघावरच उलटला. 24 एप्रिल 1547 रोजी म्युलबेर्गला सॅक्सनीचा इलेक्टर पकडला गेला, आणि जूनमध्ये फिलिपने हाले इथे सम्राटापुढे गुडघे टेकले. पाच वर्षे तो कैदेत राहिला. संघाच्या पराभवाला दुसरीही कारणे होती, सॅक्सनीच्या घराण्यातली भाऊबंदकी तर मोठीच होती. तरी 1541 ते 1546 ही मोलाची वर्षे रोटेनबुर्गच्या लग्नाने खाल्ली, यात मला शंका नाही.

नवरा कैदेत असताना क्रिस्टीनेने थोरल्या मुलासह राज्य सांभाळले आणि त्याच्या सुटकेसाठी सम्राटाच्या विनवण्या केल्या. 1549 मध्ये ती वारली. त्याची सुटका तिने पाहिली नाही. मार्गारेटे दूरच्या वाड्यांत, नंतर श्पांगेनबेर्गच्या गढीत राहिली. तिला नऊ मुले झाली. 1566 मध्ये ती गेली, 1567 मध्ये फिलिप. मृत्युपत्राने हेसेचे राज्य क्रिस्टीनेच्या चार मुलांत वाटले गेले. मार्गारेटेच्या मुलांना डिट्सचे काउंट ही पदवी आणि काही जमिनी मिळाल्या. क्रिस्टीनेची अट पाळली गेली.

विटेनबेर्गचा तो कागद मात्र संपला नाही. 1658 मध्ये पॅलटिनेटचा इलेक्टर कार्ल लुडविग याने बायको जिवंत असताना लुइझे फॉन डेगेनफेल्ड हिच्याशी दुसरे लग्न केले. पुढे आपल्या कृत्याच्या समर्थनार्थ त्याने आपल्या ग्रंथपालाकडून टोपणनावाने एक पुस्तक लिहवून घेतले. 1679 मध्ये निघालेल्या त्या पुस्तकात ल्यूथर, मेलांख्थोन आणि बुत्सर यांच्या सहीचा, कायमचा गुप्त ठेवायचा तो सल्ला सर्वांना वाचायला मिळाला. कार्ल लुडविगच्या पहिल्या बायकोचे नाव शार्लोटे. ती हेसेच्या राजघराण्यातली, क्रिस्टीनेच्या थोरल्या मुलाच्या वंशातली. क्रिस्टीनेने सही दिली होती; शार्लोटेने दुसऱ्या लग्नाला कधीच मान्यता दिली नाही.